सेक्रेटरीचा रक्तगट

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परळच्या आमच्या रक्तपेढीत एका गरोदर बाईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह आली. तिला सहावा महिना चालू होता. खेप दुसरी. तिचा स्वतःचा रक्तगट बी निगेटिव्ह होता आणि केसपेपरवर नवऱ्याचा रक्तगट ओ निगेटिव्ह असा लिहिलेला होता. नवरा-बायको दोघंही निगेटिव्ह असतील तर ही तपासणी पॉझिटिव्ह यायला सहसा कारण नसतं. मी ती पुन्हा लावली. बारा वाजून पाच मिनिटांनी ती पुन्हा पॉझिटिव्ह आली.

मी त्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. एकतीस वर्षं. लोक आम्हाला सिस्टर म्हणायचे, डॉक्टरही म्हणायचे. आम्ही दोन्ही नव्हतो. रक्त कुणाचं, कोणत्या गटाचं आणि कुणाला चालेल, एवढं सांगणं आमचं काम. पुढे जे लिहिलं आहे त्यातली नावं बदललेली आहेत. रक्तगट बदललेले नाहीत.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तगटातलं ए, बी, ओ सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लोक शेपटासारखं म्हणतात. ते आरएच नावाच्या प्रथिनाबद्दल असतं. लाल पेशींवर ते असलं तर पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असू शकतं. ते प्रथिन बापाकडून आलेलं असतं. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला बहुधा काही होत नाही. दुसरं बाळ पॉझिटिव्ह असलं तर तीच प्रतिपिंडं वारेतून त्याच्यापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. बाळ पांढरंफटक पडतं, सुजतं, जन्मल्यावर पिवळं होतं. वेळेत लक्ष दिलं नाही तर दगावतं.

हे टाळायला एक इंजेक्शन आहे. पहिल्या खेपेलाच, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत दिलं तर प्रतिपिंडं बहुधा तयारच होत नाहीत. एकदा ती तयार झाली की त्याचा उपयोग नाही. नवरा नक्की निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनची गरज नाही, कारण बाळही निगेटिव्हच असणार. या वाक्यात महत्त्वाचा शब्द ‘नक्की’ हा आहे.

त्या बाईचं नाव वृषाली. करी रोडला राहायची, हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात बिलिंगला होती. पहिली मुलगी लालबागच्या एका नर्सिंग होममध्ये झाली. ती इमारत पुनर्विकासाला गेली, नर्सिंग होम बंद झालं, म्हणून दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात ती आमच्या रुग्णालयात नाव घालायला आली. आमच्याकडे नियम होता, की बाई निगेटिव्ह असेल तर नवऱ्याच्या कार्डावर काहीही लिहिलेलं असो, तिच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासायचीच. हा नियम मी धरून ठेवला होता. वरिष्ठांनी दोनदा विचारलं होतं, इतक्या तपासण्या कशाला. मी म्हटलं होतं, माझा कागदांवर विश्वास नाही.

विश्वास नसण्याची कारणं होती. नळीवर चिठ्ठी चुकीची लागते. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बाया असतात. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की रुग्णाला “तुम्ही सुनीता का?” असं कधी विचारायचं नाही. माणसं दवाखान्यात कशालाही हो म्हणतात. घाबरलेली असतात, ऐकू आलेलं नसतं, किंवा कोट घातलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं असं वाटतं. विचारायचं, “नाव काय?” आणि गप्प बसायचं. नाव समोरच्याच्या तोंडून आलं पाहिजे. मी हे किमान वीस तुकड्यांना शिकवलं.

म्हणून पहिला संशय नळीवर. मी वृषालीला स्वतः बोलावलं, नाव विचारलं, स्वतः रक्त काढलं. निकाल तोच. दुसरा संशय केसपेपरवर. मी चिठ्ठी पाठवली: नवऱ्याचा नमुना पाठवा.

गुरुवारी वृषाली आली, सोबत सासू आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी शाळेतून थेट आली होती, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. नवरा आला नव्हता.

“ते मंडळात बिझी आहेत,” वृषाली म्हणाली. “गणपती आले ना. सेक्रेटरी आहेत.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“कार्ड पाठवलंय त्यांनी.” तिनं झेरॉक्स पुढे केली.

मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “मोठीचा रक्तगट काय?”

सासूनं नातीच्या गळ्यातलं ओळखपत्र उचलून माझ्यासमोर धरलं. “ह्या बघा. ह्यात लिवलेला आसा.” त्यावर बी पॉझिटिव्ह होतं.

मी म्हटलं, “मग हिचे वडील पॉझिटिव्ह असणार.”

या लेखात पश्चात्तापाचं जे आहे ते हे वाक्य.

“नाय ओ,” सासू म्हणाली. “संदेशाचा निगेटिव्ह आसा. मंडळात रक्त दिल्यान तेव्हा कार्ड गावला.” तिनं पर्समधून फोन काढला आणि एक फोटो शोधून दाखवला. रक्तदान शिबिर, मागे मंडळाचा बॅनर, खाटेवर आडवा झालेला तरुण, पूर्ण बाह्यांचा पांढरा कुर्ता, मुठीत स्पंजचा चेंडू, चेहऱ्यावर हसू. “हो बघा माझो झील.”

मग तिनं फोन खाली केला. नातीच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं.

“मगे ह्या कसा झाला?” ती म्हणाली.

मुलगी चेंडू मागत होती, आमच्या खाटेवरचा.

याआधी असे प्रसंग आले नव्हते असं नाही. दादरचे एक निवृत्त गृहस्थ एकदा मुलाचा, सुनेचा आणि नातवाचा रक्तगट कागदावर लिहून आणून म्हणाले होते, “हे तिन्ही जुळतात का, तेवढं सांगा. बाकी माझं मी बघतो.” मी त्यांना कागद परत दिला होता. म्हटलं होतं, रक्तपेढी रक्त जुळवते, नाती जुळवत नाही. ते उठून गेले. ते वाक्य मी पुढे बऱ्याच लोकांना ऐकवलं आणि आमच्या शिकाऊ मुलींनाही शिकवलं. वृषालीच्या सासूसमोर ते मला सुचलं नाही.

त्या तिघी गेल्यावर मी झेरॉक्स पाहिली. कार्ड आमच्याच रक्तपेढीचं होतं, सहा वर्षांपूर्वीच्या शिबिरातलं. खाली सही माझी होती.

जुनी वही काढली. दात्याचं नाव संदेश, मंडळाचं नाव, पिशवीचा क्रमांक, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली गटतपासणी, निकाल ओ निगेटिव्ह. निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक पिशवीची आम्ही आणखी एक तपासणी करतो, क्षीण पॉझिटिव्ह तर नाही ना हे पाहायला. तीही केलेली होती, तीही निगेटिव्ह. अक्षर माझं. खाडाखोड नाही. त्या पिशवीतलं रक्त ओ निगेटिव्ह होतं यात शंकेला जागा नव्हती.

शाळेच्या ओळखपत्रावर मी कधीच विसंबत नाही. तिथले रक्तगट पालकांनी आठवून लिहिलेले असतात. पुढच्या भेटीत मी मुलीचा गट तपासला. बी पॉझिटिव्ह.

बी निगेटिव्ह आई आणि ओ निगेटिव्ह बाप यांना बी पॉझिटिव्ह मूल होत नाही. अपवाद पुस्तकात आहेत, मी एकही पाहिला नाही. मग उरलं काय? नळीवर माझा संशय घेऊन झाला होता, केसपेपरवर, शाळेच्या कार्डावर. ते सगळे खरे निघाले. माझी सही असलेल्या कागदावर मी संशय घेतला नाही. उरली वृषाली.

तिला मी एकटीला आत घेतलं.

“याआधी कधी रक्त चढवलं होतं? लहानपणी, ऑपरेशनमध्ये?”

“नाही.”

“गर्भ पडला होता? किंवा पाडला होता? मला कळलं तर बाळासाठी बरं.”

“नाही.”

“नक्की?”

तिनं ओढणी नीट केली. “तुम्ही पण?” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “मॅडम, काय विचारायचंय ते मला विचारा. माझ्या सासूसमोर नको. घरी मोठीला आरशासमोर उभी करतात. ह्यांचे लहानपणीचे फोटो काढलेत, शेजारी धरून बघतात. कान कुणासारखे, हनुवटी कुणासारखी. चार वर्षं ती सगळ्यांना बापासारखी दिसत होती.”

“मिस्टर काय म्हणतात?”

“काहीच नाही. आई बोलायला लागल्या की मंडळात जातात.”

मी नोंद केली: पूर्वी रक्त चढवल्याचा, गर्भपाताचा इतिहास नाही, असं रुग्ण सांगते. ‘असं रुग्ण सांगते’ हे तीन शब्द मी घातले. ते घालायचे नसतात असं नाही, पण इतर बायकांच्या नोंदीत मी ते घातलेले नाहीत. मी नंतर तपासलं.

प्रतिपिंडं किती आहेत हे मोजायची पद्धत सोपी आहे. आईच्या रक्तातला पातळ भाग निम्मा-निम्मा पातळ करत नळ्यांची रांग लावायची आणि कितव्या नळीपर्यंत पेशींच्या गुठळ्या दिसतात ते पाहायचं. जितकी रांग लांब, तितका बाळाला धोका. वृषालीची रांग श्रावणात आठपट पातळ केलेल्या नळीशी थांबली होती. गणपतीनंतर सोळा. नवरात्रात बत्तीस. कोजागरीच्या आसपास चौसष्ट. बाळाच्या मेंदूकडे जाणारं रक्त किती वेगानं धावतंय ते डॉक्टर सोनोग्राफीत पाहत होते. रक्त पातळ झालं की वेग वाढतो. वेग वाढला होता. म्हणजे बाळ पॉझिटिव्ह होतं आणि त्याच्या पेशी फुटत होत्या.

बाळ पॉझिटिव्ह आहे ही बातमी घरी पोहोचली तेव्हा काय झालं ते मला वृषालीनं सांगितलं नाही. त्या भेटीला ती एकटी आली. पुढच्या भेटीला तिची आई आली, भोईवाड्याहून. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

संदेश या काळात एकदाही आला नाही. मी तीन वेळा चिठ्ठी पाठवली. तिन्ही वेळा कार्डाची झेरॉक्स आली. तिसऱ्या वेळी मला त्याच्यावरही संशय आला, पण चुकीचा. मला वाटलं, या माणसाला आता मूलच नकोय.

दिवाळी संपल्यावर डॉक्टरांनी ठरवलं, चौतीस आठवडे भरले की बाळ बाहेर काढायचं आणि लगेच त्याचं रक्त बदलायचं. बेंबीच्या शिरेतून थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं करत जवळजवळ सगळं रक्त बदललं जातं. त्यासाठी ताजं, पाच दिवसांच्या आतलं, ओ निगेटिव्ह रक्त लागतं, आईच्या रक्ताशी जुळवून घेतलेलं. एक पिशवी. ओ निगेटिव्ह माणसं आपल्याकडे थोडी. दिवाळीत तीही गावाला गेलेली. आमच्या यादीतल्या लोकांना मी फोन लावले. एक नुकताच रक्त देऊन बसला होता, एकाला ताप होता, एक देवगडला होता, बाकीच्यांचे नंबर बदललेले.

यादीत आणखी एक नाव होतं, सहा वर्षांपूर्वीचं.

मी वृषालीच्या सासूला फोन केला. नवजात बाळाला जवळच्या नातेवाइकाचं रक्त शक्यतो देत नाहीत, द्यायचंच तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. ती सोय आमच्याकडे होती. मी सांगितलं, दुसरा दाता मिळेपर्यंत संदेशला तयार राहायला सांगा. खरं सांगायचं तर मला त्याचं रक्त पिशवीसाठी हवंच होतं, पण त्याहून जास्त तपासणीच्या नळीसाठी हवं होतं.

मग ती म्हणाली, “पाठवतंय. कोणाचाय असूंदे, पोटातल्या जिवाचो काय दोष?”

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास, एक माणूस आला. तिशी ओलांडलेला, टी-शर्ट, हाताला पॉलिशचा वास. फॉर्म भरूनच आणला होता. नाव संदेश, पत्ता करी रोड. सोबत ते कार्ड, या वेळी मूळ. मी त्याला खाटेशेजारच्या खुर्चीवर बसवलं.

“नाव काय?”

“संदेश.” पूर्ण नाव त्यानं बरोबर सांगितलं.

“जन्मतारीख?”

तो फॉर्मकडे बघायला लागला. मी फॉर्म उलटा केला.

“मॅडम, घाईत आहे. पंडालचं सामान गोडाऊनला टाकायचंय, टेम्पो उभा आहे.”

“बायकोचं नाव?”

“वृषाली वहिनी,” तो म्हणाला.

खोलीत मी, तो आणि आमची एक शिकाऊ मुलगी होतो. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

“आता तुमचं नाव,” मी म्हटलं.

“दिगंबर. दिग्या म्हणतात.” त्यानं कान चोळला. “मॅडम, रक्त माझं खरं आहे. ओ निगेटिव्ह. काढून घ्या ना. नाव कुणाचं का असेना, बाळाला काय करायचंय?”

“सहा वर्षांपूर्वी शिबिरात कोण झोपलं होतं?”

“मीच की. संद्या सुई बघितली की आडवा होतो. लहानपणापासून. आणि त्याच वर्षी सेक्रेटरी झालेला. मंडळाचा नियम, कमिटीतल्या प्रत्येकानं द्यायचंच, नाहीतर वर्गणीला गेलं की लोक तोंडावर बोलतात. मग मी म्हटलं, तू फॉर्म भर, मी झोपतो. तुमच्या माणसानं नाव पुकारलं, मी हो म्हटलं. झालं. नंतर तो खाटेवर झोपला, फोटोपुरता.”

तुमच्या माणसानं नाव पुकारलं, मी हो म्हटलं. शिबिरात गर्दी असते. मंडळाचा कार्यकर्ता यादी वाचतो, माणूस हो म्हणतो आणि झोपतो. खाटेशी उभं राहून “नाव काय?” विचारायची जबाबदारी त्या दिवशी माझी होती. वहीत माझं अक्षर आहे.

तेव्हा मला फोटो आठवला. पूर्ण बाह्यांचा कुर्ता. मनगटापर्यंत बाही, मनगटाचं बटण लावलेलं. सुई कोपराच्या आतल्या बाजूला टोचतात. तो फोटो माझ्यासमोर धरण्यात आला होता, आणि फोटोत काय दिसायला हवं हे मला त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

मी दिगंबरला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, तो उचलणार नाही. मी म्हटलं, मला द्या. संदेशनं उचलला.

“दिग्या, झालं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही या. अर्ध्या तासात.”

तो वीस मिनिटांत आला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम. करी रोडच्या एका टॉवरच्या इस्टेट ऑफिसात कामाला होता. मी त्याला दार लावून आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टरांसमोर बसवलं.

“पहिल्या वेळी नर्सिंग होममध्ये कार्ड कुणी दाखवलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“वृषालीनं. तिच्या मोबाइलमध्ये फोटो होता. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, दोघं निगेटिव्ह, छान झालं, इंजेक्शनची कटकट नाही. मी तिथेच बसलो होतो.”

“आणि?”

“आणि काही नाही. मला वाटलं, माझ्या ग्रुपचा बाळाशी काय संबंध. छान झालं म्हणाल्या, तर...”

“आणि या वेळी?” मी विचारलं. “श्रावणापासून तुमची आई तुमच्या बायकोला काय म्हणतेय ते तुमच्या कानावर आलं नाही?”

“आलं.”

“कार्ड तुमचं नाही हे तुम्हाला माहीत होतं.”

त्यानं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, “आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. मंडळात कळलं असतं. दरवर्षी स्टेजवरून मीच लोकांना सांगतो, रक्त द्या म्हणून.”

मी सुई काढली. तो भिंतीकडे तोंड करून बसला. दिगंबरनं त्याचे खांदे धरले. “बघू नको रे,” तो म्हणाला. “संद्या, इकडे बघ. माझ्याकडे बघ.” दोन मिलिलिटर रक्त लागलं. तो आडवा झाला नाही.

बी पॉझिटिव्ह. अकरा वाजून पंचवीस मिनिटं. मी तपासणी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून पुन्हा करून घेतली.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की कारण केसपेपरवर लिहिलं जाईल आणि वृषालीला आजच सांगितलं जाईल. आधी कुणी सांगायचं ते त्यानं ठरवावं. ती वरच्या मजल्यावर दाखल होती, सासू डबा घेऊन आलेली होती. संदेश म्हणाला, तुम्ही बरोबर या. मला रक्त जुळवायला तिचा ताजा नमुना हवाच होता, म्हणून मी गेले.

त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. चार वाक्यांत. बाजूच्या खाटेवरची बाई ऐकत होती.

सासू डब्याचं झाकण हातात घेऊन उभी होती. “म्हणजे तां कार्ड तुझा नाय?”

“नाय.”

“आणि मी हिका नको नको तां बोललंय. चार म्हयने. तू आयकत होतंस?”

“हो.”

“आणि गप रवलंस.” तिनं झाकण डब्यावर ठेवलं, ते बसेना, पुन्हा ठेवलं. सुनेच्या खाटेजवळ गेली, हात लावायला गेली आणि लावला नाही. माझ्याकडे वळली. “तुमची सही होती ना बाई कार्डार?”

“हो,” मी म्हटलं. “माझी.”

वृषालीनं नवऱ्याकडे पाहिलं. “मोठी आरशासमोर उभी असायची तेव्हा तू दारात असायचास,” ती म्हणाली. एवढंच. मग माझ्यापुढे हात धरला. “रक्त घ्यायला आलात ना? घ्या.”

मी तिला नाव विचारलं. नियम आहे. तिनं सांगितलं.

खाली येऊन मी दिगंबरचा जुना फॉर्म रद्द केला आणि नवा भरून घेतला. त्याचं आधार कार्ड पाहिलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. हिमोग्लोबिन पुरेसं होतं. पावणेबाराला तो खाटेवर झोपला. टेम्पोवाल्याचे दोन फोन येऊन गेले. “थांब रे, स्वतःच्या नावानं पहिल्यांदा देतोय,” त्यानं तिसऱ्याला सांगितलं.

त्याची पिशवी सगळ्या तपासण्यांतून पार पडली आणि वृषालीच्या नमुन्याशी जुळली. प्रत्येक टप्प्यावर माझी आणि दुसऱ्या एका तंत्रज्ञाची सही आहे. त्या दिवसापासून शिबिरातही खाटेशी ओळखपत्र पाहायचं आणि नाव दात्याच्या तोंडून घ्यायचं असं लेखी ठरलं. मंडळांनी कुरकुर केली. गर्दी होते, लोक परत जातात, आकडा कमी होतो. आकडा कमी झाला. जुन्या शिबिरांतली किती कार्डं अशीच दुसऱ्याच्या रक्ताची आहेत, हे मला माहीत नाही. ते शोधायचा मार्ग नाही. या भागात ती कार्डं अजून पाकिटांत, देवघराच्या ड्रॉवरमध्ये, मोबाइलमध्ये आहेत आणि ती दवाखान्यात दाखवली जातात.

वृषालीच्या पहिल्या खेपेच्या नर्सिंग होमवर मी काही लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांसमोर एका रक्तपेढीचं सहीनिशी दिलेलं कार्ड होतं. त्यांनी फक्त नवऱ्याच्या नमुन्याची एक नळी मागायला हवी होती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाळ झालं. मुलगा, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. नाळेतलं रक्त माझ्याकडे आलं. बी पॉझिटिव्ह, पेशींवर आईची प्रतिपिंडं चिकटलेली, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार. दुपारी रक्त बदलायला घेतलं. एक तास पन्नास मिनिटं लागली. वापरलेल्या पिशवीची चिठ्ठी वहीत चिकटवली आहे. दात्याच्या रकान्यात दिगंबरचं नाव आहे.

संदेशचं जुनं कार्ड मी दोन रेघा मारून रद्द केलं आणि तारीख घालून सही केली. नवं कार्ड दिलं नाही. नवं कार्ड रक्त दिल्यावर मिळतं.

बाळ चौदाव्या दिवशी घरी गेलं. अशा बाळांचं रक्त पुढचे काही आठवडे कमी होत राहू शकतं, म्हणून त्याला तपासायला परत बोलावतात. सहाव्या आठवड्यात वृषाली बाळाला घेऊन आली. सोबत सासू होती, तिच्या कडेवर मोठी. संदेश नव्हता. फॉर्म वृषालीनं भरला. पत्त्याच्या रकान्यात तिनं भोईवाडा लिहिलं, आईचा पत्ता. सासूनं तो वाचला, फॉर्म तसाच माझ्याकडे सरकवला आणि पेन तिच्याकडून घेऊन पर्समध्ये ठेवलं.

मी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन. रक्त द्यावं लागलं नाही.